पार्श्वभूमी एकीकडे उजळ, एकीकडे काळपट: गिम्पमध्ये सारखी कशी करायची?

पडवी

सावंतवाडीची लाकडी फळं, खेळणी आणि गंजिफाचे (जुना पत्त्यांचा खेळ) काही पत्ते, असे साठेक नग आहेत. विक्रीच्या यादीसाठी फोटो हवेत. मांडणी अशी:

पडवीत टेबल, त्यावर पांढरट कार्डशीट. कॅमेरा तिवईवर, वरून खाली रोखलेला, ५० मिमी लेन्स, एफ/८. डावीकडे बटर पेपर लावलेला एलईडी दिवा, कार्डाच्या कडेपासून साधारण ५० सेंमीवर. उजवीकडे जांभ्याची भिंत, गिलावा नाही. चौकटीत कार्डाचा ४० सेंमी रुंद भाग येतो.

गिम्पच्या (फोटो सुधारायचा फुकट प्रोग्राम) कलर पिकरने मोजलं (० काळं, २५५ पूर्ण पांढरं) तर डावीकडे २३८, मध्ये २०९, उजव्या खालच्या कोपऱ्यात १७१ आणि तिथे लालसर झाकही आहे. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वापरला तर उजवी बाजू सुधारते, पण डावी पार पांढरी होते आणि आंब्याचा पिवळा रंग फिका पडतो. डॉज टूलने डाग पडले. पार्श्वभूमी सगळीकडे २३५ च्या आसपास हवी, वस्तूचे रंग आणि खालची हलकी सावली तशीच राहायला हवी. गिम्प २.१० आहे. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) आणि जेपेग दोन्ही फाइली आहेत. कसं करू?

वल्हं

आधी दिवो लांब कर, मगे काय ता बघ!

आता हिशेब. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. डावी कड ५० सेंमीवर, उजवी ९० वर. ९० भागिले ५० म्हणजे १.८, त्याचा वर्ग ३.२४. डावीकडे उजव्यापेक्षा सव्वातीन पट उजेड. तुम्हाला फरक त्याहून कमी दिसतो, कारण पडवीचा दिवसाचा उजेड मध्ये मिसळतोय. तोच दिवा १५० सेंमीवर नेला तर कडा १५० आणि १९० वर येतात आणि प्रमाण १.६ वर उतरतं. अर्धं काम तिथेच झालं.

बदल्यात दिव्याचा उजेड नऊ पट कमी होतो, म्हणजे शटर तेवढं जास्त वेळ उघडं ठेवावं लागेल. तिवई आहे, वस्तू हलत नाही, चालतंय. फक्त मग दिवसाच्या उजेडाचा वाटा वाढतो आणि दोन रंगांचे उजेड भांडायला लागतात. एक तर पडदा ओढा, नाहीतर दिवा बंद करून नुसत्या दिवसाच्या उजेडात काढा.

उजवीकडचा लालसरपणा जांभ्याचा. भिंतीवर पांढरी चादर टांगा, किंवा उजव्या कडेला दोन फुटी थर्माकोलचा तुकडा उभा करा. त्याने काळपटपणाही निवळेल. आणि डोक्यावर काचेचं कौल असेल तर ते पुठ्ठ्याने झाका. त्यातून पडणारा उन्हाचा तुकडा सरकत राहतो, तो कुठल्याही सॉफ्टवेअरला धड निघत नाही.

सुरंगी

वल्हंभाऊ म्हणतात ते आधी कराच. उरलेलं गिम्पमध्ये निघतं, पण तुम्ही आतापर्यंत वापरलेली दोन्ही हत्यारं या कामाची नाहीत.

ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट असो की कर्व्ह्ज, ती पिक्सेलचा आकडा बघतात, जागा बघत नाहीत. १७१ ला २३५ करा म्हटलं की चित्रात जिथे जिथे १७१ आहे तिथे २३५ होणार, मग तो कोपऱ्यातला कार्ड असो की आंब्याची गालाकडची पिवळी छटा. तुम्हाला हवी आहे ती जागेनुसार बदलणारी दुरुस्ती.

दुसरं असं की उजेड कमी पडणं हा गुणाकार आहे. उजव्या कोपऱ्यात कार्डावर निम्मा उजेड पडला, तर तिथे ठेवलेल्या वस्तूवरही निम्माच पडला. तुमचे २३८ आणि १७१ हे आकडे गॅमा लावलेले, म्हणजे स्क्रीनसाठी वाकवलेले आहेत. खऱ्या उजेडात मोजले तर ते साधारण ०.८५ आणि ०.४१ होतात, म्हणजे दुपटीहून किंचित जास्त फरक, एका स्टॉपएवढा (उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं म्हणजे एक स्टॉप). गुणाकाराने झालेला बिघाड भागाकाराने निघतो. प्रश्न एवढाच की कशाने भागायचं. त्याला सर्वात खात्रीचं उत्तर म्हणजे रिकाम्या कार्डाचा फोटो.

रिकामा फोटो असा घ्या:

वस्तू उचला, बाकी काही हलवू नका. कॅमेरा, दिवा, थर्माकोल, चादर सगळं जागच्या जागी. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवलेले, ॲपर्चर (एफ/८) तेच. फोकस ऑटोवर राहिला तर रिकाम्या कार्डावर लेन्स शोधत बसते आणि चौकट किंचित लहानमोठी होते. सर्वात उजळ जागा २४० च्या खाली ठेवा. २५५ ला टेकली की तिथली माहिती गेली आणि भागाकार तिथे खोटा पडतो. फक्त कार्ड तेवढं थोडं थोडं सरकवून तीन-चार फोटो घेतले तर कागदाचे तंतू आणि ठिपके सरासरीत विरघळतात.

मग गिम्पमध्ये:

१. वस्तूचा फोटो उघडा. फाइल मेनूतून ओपन ॲज लेअर्स वापरून रिकामा फोटो त्याच्यावर आणा.

२. इमेज मेनूत प्रिसिजन, तिथे ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट आणि लिनिअर लाइट. ही पायरी गाळू नका, कारण खाली येईल.

३. वरच्या लेअरला गॉशियन ब्लर, म्हणजे चित्र धूसर करणारा फिल्टर. ६००० पिक्सेल रुंद फोटोला ८० ते १२० पुरे. ॲबिस पॉलिसी क्लॅम्पवर ठेवा, नाहीतर चौकटीच्या कडेला ब्लर रिकाम्या जागेत मिसळतो आणि निकालात कडेने पट्टा येतो.

४. वरच्या लेअरचा मोड डिव्हाइड. डीफॉल्ट गटातला घ्या, लेगसीतला नको. पार्श्वभूमी आता सपाट पांढरी दिसेल.

५. सर्वांत वर नवीन लेअर, २३५-२३५-२३५ रंगाने भरलेला, मोड मल्टिप्लाय. पार्श्वभूमी २३५ वर उतरेल.

६. फ्लॅटन, मग प्रिसिजन ८ बिटवर. त्या वेळी येणाऱ्या चौकटीत डिदरिंग (बारीक ठिपके मिसळून रंगांच्या पायऱ्या लपवणं) चालू ठेवा. मग एक्स्पोर्ट.

दुसरी पायरी का: भागल्यावर कार्ड बरोबर १ वर येतं. कार्डापेक्षा उजळ जे काही आहे, म्हणजे रोगणावरची चकाकी, पांढऱ्या रंगाचे ठिपके, ते १ च्या वर जातं. ८ बिटमध्ये १ च्या वर काही नसतंच, ते तिथल्या तिथे कापलं जातं आणि पाचव्या पायरीत नुसतं करडं होतं. ३२ बिट फ्लोटमध्ये १.०५ हा आकडा टिकतो आणि मल्टिप्लायनंतर परत मर्यादेत येतो.

रिकाम्या फोटोचा रंग काढू नका. उजवीकडची लाल झाकही याच भागाकारात जाते.

करवंदी

एवढा खटाटोप कशाला? बॅकग्राउंड रिमूव्हरला फोटो द्या, वस्तू कापून देतो, खाली हवा तो रंग टाका. साठ फोटो दहा मिनिटांत.

जांभा

करवंदीताई, प्लास्टिकच्या डब्यांचे फोटो असते तर हेच सांगितलं असतं. इथे तीन अडचणी आहेत. सावली जाते आणि फळ हवेत तरंगतं. खोटी सावली टाकावी तर दिव्याची दिशा जुळवत बसा. रोगणाच्या कडेवर कार्डाचं प्रतिबिंब असतं, त्याला यंत्र पार्श्वभूमी समजून वस्तूचा लचका तोडतं. आणि तिसरी मोठी: वस्तूवर पडलेला कमीजास्त उजेड तसाच राहतो. साठ फोटोंत कुठे डावीकडून उजळ, कुठे उजवीकडून काळी, अशी फळं एका पानावर शेजारी बसली की डोळ्याला टोचतं.

पडवी, सुरंगीताईंच्या पद्धतीत एक भर. कॅमेऱ्यातली जेपेग वापरू नका. कॅमेरा जेपेग बनवताना एस आकाराचा कॉन्ट्रास्ट कर्व्ह लावतो, सावल्या उचलण्याची सोयही कित्येकदा चालू असते. त्याने उजेडाचं मूळ प्रमाण मोडतं आणि भागाकारानंतर कोपऱ्यात पाच-दहा आकड्यांचा फरक उरतो. दोन्ही रॉ एकाच सेटिंगने उघडा, ऑटो लेव्हल्स आणि टोन कर्व्ह बंद, १६ बिट टिफ काढा आणि त्या गिम्पमध्ये घ्या.

फोनने काढणाऱ्यांसाठी: एचडीआर बंद करा. फोन प्रत्येक दृश्य बघून जागोजागी उजेड कमीजास्त करतो. वस्तू असताना कार्डाला त्याने एक वागणूक दिली आणि वस्तू उचलल्यावर दुसरी, की रिकामा फोटो कुचकामी ठरला. प्रो मोडमध्ये रॉ घ्या.

पडवी

दिवा १५० वर नेला, पडदा ओढला, चादर टांगली. मोजमाप आता डावीकडे २३४, उजव्या कोपऱ्यात २०८. मग रॉ वरून सगळ्या पायऱ्या केल्या. पार्श्वभूमी छान आली. पण:

अ) लाकडी आंबा आता चपटा वाटतो, गोलाई कमी झाल्यासारखी.
आ) रंग एकूणच जरा निळसर.
इ) काही फोटोंत आडवे फिकट पट्टे, ते रिकाम्या फोटोने जात नाहीत. उलट दुप्पट दिसतात.

सुरंगी

(अ) रिकामा फोटो कार्डाच्या पातळीवरचा उजेड सांगतो. गंजिफाचा पत्ता कार्डावरच टेकलेला असतो, म्हणून त्याला ही दुरुस्ती तंतोतंत बसते. आंबा वर उठलेला आहे. डावीकडून उजवीकडे होणारा उतार त्याच्या अंगावर गोलाई दाखवत होता, तो भागाकाराने थोडा पुसला गेला. इलाज: रिकाम्या, ब्लर केलेल्या लेअरवर आंब्याच्या आकाराचं सिलेक्शन करा, दोन-तीन पिक्सेल फेदर द्या (कड मऊ करा) आणि ते आंब्याच्या मधोमध जो रंग त्या लेअरवर आहे त्या एकाच रंगाने भरा. आता आंब्याला एकाच आकड्याने भागलं जातं. एकूण उजेड बरोबर येतो, आतला उतार जसाच्या तसा. सिलेक्शन सावलीवर जाऊ देऊ नका, ते फक्त वस्तूपुरतं.

(आ) तुमचं कार्ड पांढरट आहे म्हणालात, म्हणजे ते किंचित पिवळसर असणार. आपण कार्डाला शुद्ध पांढरं ठरवून भागलं, त्यामुळे त्याचा पिवळेपणा वस्तूतूनही वजा झाला आणि निळी झाक आली. पाचव्या पायरीत २३५-२३५-२३५ ऐवजी कार्डाचा स्वतःचा रंग भरा. कार्ड आणि ग्रे कार्ड (तटस्थ करड्या रंगाचं) शेजारी ठेवून एक फोटो काढा, ग्रे कार्डवर व्हाइट बॅलन्स घ्या आणि मग कार्डाचा रंग मोजा. समजा २३८-२३४-२२२ आला, तर तोच भरायचा. ग्राहकाला पार्श्वभूमी तटस्थच हवी असेल तर सरळ कार्ड बदला.

(इ) वल्हंभाऊ, हा दिव्याचा आजार, तुम्हीच बघा.

वल्हं

पट्टे दिव्याच्या लुकलुकण्याचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावर चालणारे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/२५० वगैरे ठेवलं तर सेन्सरच्या वरच्या ओळी तेज क्षणी वाचल्या जातात, खालच्या मंद क्षणी. दर फोटोत पट्टे वेगळ्या जागी पडतात, म्हणून रिकाम्या फोटोने भागल्यावर त्याचेही पट्टे वरून बसतात. शटर १/१००, १/५०, १/२५ असं १/१०० च्या पटीत ठेवा. दिवा लांब नेलाय तर आता १/१० नेसुद्धा काढता येईल, तिथे पट्ट्यांचा प्रश्नच मिटतो.

काही फोटोंत आहेत, काहींत नाहीत, यावरून तुम्ही शटर मध्येच बदललं हे उघड आहे. एक्स्पोजर हाताने म्हणजे हाताने, एकदा ठरवून सोडायचं!

पडवी

शटरचं बरोबर ओळखलंत, ॲपर्चर प्रायॉरिटीवर होता, शटर कॅमेराच ठरवत होता.

आणखी एक. मांडणी बदलण्याआधीचे १४ फोटो आहेत, त्या वस्तू परत गेल्या. त्यांचा रिकामा फोटो नाही. त्याच फोटोची प्रत ब्लर करून भागून पाहिलं तर वस्तूभोवती फटफटीत पांढरं वलय येतं आणि सावली गायब.

जांभा

वलय येणारच. ब्लरमध्ये वस्तूही मिसळली. गडद वस्तूने शेजारची पार्श्वभूमी अंदाजात काळी केली, मग त्या काळ्या अंदाजाने भागल्यावर तिथलं कार्ड गरजेपेक्षा उजळलं. सावली हीसुद्धा हळूहळू बदलणारी काळपट जागा, म्हणून ब्लरने तिलाही खराब उजेड समजून पुसली. पार्श्वभूमीच्या अंदाजात वस्तू आणि तिची सावली अजिबात नको. ती अशी काढा:

फोटो ३२ बिट फ्लोट करा. लेअरची प्रत करा, तिला अल्फा चॅनेल (पारदर्शकतेचा) जोडा. वस्तू आणि सावली दोन्ही धरून ढोबळ सिलेक्शन करा, ४० पिक्सेल वाढवा आणि डिलीट. प्रतीत भोक पडलं. आता त्या प्रतीला मोठा गॉशियन ब्लर, रेडियस भोकाच्या रुंदीच्या निम्म्याच्या आसपास. गिम्पचा ब्लर पारदर्शक जागा हिशेबात धरत नाही, त्यामुळे फक्त आजूबाजूच्या कार्डाचा रंग भोकात झिरपतो. भोक अर्धवट पारदर्शक राहतं, म्हणून लेअर मेनूत ट्रान्स्परन्सी, तिथे थ्रेशोल्ड अल्फा, आकडा जवळजवळ शून्य. भोक पूर्ण भरलं. मोड डिव्हाइड, पुढच्या पायऱ्या त्याच.

हा अंदाज आहे, मोजमाप नाही, हे ध्यानात असू द्या. वस्तूने चौकटीचा निम्म्याहून जास्त भाग व्यापला असेल किंवा ती कडेला टेकली असेल तर भोकाच्या मध्यभागी काय होतं ते ब्लरला कळायला मार्ग नाही. तसं असेल तर चारही कोपऱ्यांचे आणि कडांच्या मध्यांचे आकडे घ्या आणि ग्रेडियंट टूलने त्या रंगांचा उतार हाताने बनवा. एकाच दिव्याचा उतार असेल तर दोन टोकांचा साधा ग्रेडियंट पुष्कळदा पुरतो.

खाडीकाठ

चांगला धागा, वाचनखूण साठवली. थोडा वेगळा प्रश्न विचारू का? घरातल्या जुन्या मोडी कागदांचे फोनने काढलेले फोटो आहेत. खिडकीकडची बाजू उजळ, घडीपाशी काळी पट्टी. वाचायला देण्याआधी कागद सारखा करायचा आहे. इथे रिकामा फोटो कुठून आणू?

सुरंगी

कागदाला त्याची गरज नाही. अक्षरं बारीक आणि पार्श्वभूमी मोठी, म्हणून फोटोतूनच कागदाचा उजेड काढता येतो. फक्त नुसता गॉशियन ब्लर नको, कारण जिथे लेखन दाट तिथे शाईमुळे अंदाज काळा होतो.

गिम्पमध्ये ब्लर गटात मीडियन ब्लर आहे. त्यात रेडियस आणि पर्सेंटाइल असे दोन आकडे. पर्सेंटाइल ५० म्हणजे साधा मध्यक. तो ८५ वर न्या. मग प्रत्येक जागी शेजारच्या पिक्सेलांतला जवळजवळ सर्वात उजळ, म्हणजे कागदाचा आकडा निवडला जातो, शाई गळते. रेडियस अक्षराच्या रेघेच्या जाडीच्या पाच-सहा पट. रेघ ७ पिक्सेल जाड असेल तर ४० ठेवा. मोठ्या फोटोवर हा फिल्टर रेंगाळतो, चहा करून या. त्यावर ३० चा गॉशियन ब्लर, मग डिव्हाइड.

९५-१०० पर्सेंटाइल घेऊ नका. फोनच्या फोटोतले चुकार उजळ ठिपके आणि फ्लॅशची चमक तेवढी निवडली जाते आणि अंदाज वर सरकतो.

घडीची पट्टी रेडियसपेक्षा रुंद असेल तर निघेल, अरुंद असेल तर ती शाईसारखीच वाटून राहील. ती राहू द्यावी असं माझं मत; घडीच्या ओळीतली अक्षरं त्याबरोबर उडाली तर परत येत नाहीत.

कागदाचा पिवळेपणा हवा असेल तर ब्लर केलेली प्रत आधी डीसॅच्युरेट करा. मग फक्त उजेड सारखा होतो, रंग उरतो. आणि शिक्के, मोठे डाग, कुणी रंगवलेली कडा असेल तर त्या भागांना मास्क लावून वगळा. रेडियसपेक्षा मोठी कुठलीही गडद गोष्ट पार्श्वभूमी समजून धुतली जाते. मूळ फाइल वेगळी ठेवायला विसरू नका.

कातळसडा

मोडी कागदांसाठी इमेजजे हा चित्रांवर काम करणारा प्रोग्रामही पर्याय आहे, फुकट. प्रोसेस मेनूत सबट्रॅक्ट बॅकग्राउंड. कल्पना अशी की चित्राच्या उजेडाच्या उंचसखल पृष्ठभागाखालून एक गोळा फिरवायचा, तो जिथपर्यंत पोचतो ती पार्श्वभूमी. गोळ्याची त्रिज्या ५० दिलेली असते. ती तुमच्या सर्वात मोठ्या शाईच्या आकारापेक्षा मोठी हवी, लहान पडली तर जाड अक्षरं पोकळ होतात. लाइट बॅकग्राउंडच्या चौकटीत खूण करा, कागद उजळ आहे ना.

मात्र नाव सांगतं तसं हे वजाबाकी करतं. अक्षरं वाचायला हरकत नाही, पण अंधाऱ्या बाजूची शाई उजळ बाजूपेक्षा फिकी दिसेल, कारण गुणाकाराचा बिघाड वजाबाकीने पुरता भरून निघत नाही.

वजाबाकी कुठे बरोबर, तर जिथे जादा उजेड वरून मिसळलाय तिथे. किनाऱ्यावरून काढलेल्या आकाशगंगेच्या फोटोत गावाच्या दिव्यांचा क्षितिजाकडे पसरलेला पिवळा उजेड ताऱ्यांच्या उजेडात बेरीज होतो. तिथे भागाकार केला तर तारे खालीवर मंद-तेज होतात. सिरिल या आकाशाच्या फोटोंच्या प्रोग्राममध्ये बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनमध्ये दोन्ही निवडी आहेत: दिव्यांच्या उजेडाला सबट्रॅक्शन, लेन्सच्या काळ्या कोपऱ्यांना डिव्हिजन. दोन्ही दोष असतील तर आधी कोपरे भागून घ्या, मग उजेड वजा करा. नमुन्याचे चौकोन आकाशगंगेवर आणि समुद्राच्या पाण्यावर ठेवू नका.

पावसाळ्यात लेन्सवर बसणारं बाष्प, खिडकीचा उजेड थेट लेन्सवर येणं, यानेही बेरीजच होते. पडवी, तुमच्या फोटोत एका बाजूचे काळे भाग राखाडी दिसत असतील तर भागाकारापूर्वी लेन्सला हूड लावा आणि काच पुसा.

पडवी

काळे ठीक आहेत. पण साठ फोटो एकेक करून गिम्पमध्ये करायचे म्हणजे आठवडा जाईल. काही सुटसुटीत?

जांभा

रॉ आहेत ना, मग रॉथेरपी हा रॉ फोटोंचा प्रोग्राम. रॉ विभागात फ्लॅट-फील्ड नावाचं साधनच आहे. रिकाम्या कार्डाची रॉ फाइल तिथे निवडा, ब्लर प्रकार एरिया, रेडियस ३२ पासून सुरू करून कार्डाचा पोत दिसेनासा होईपर्यंत वाढवा. उजळ जागा कापल्या जातात असं दिसलं तर क्लिप कंट्रोल थोडा वर. एका फोटोवर जमलं की प्रोफाइल कॉपी करून बाकी सगळ्यांवर पेस्ट, रांगेत टाका, झोपा. रिकामी फाइल त्याच कॅमेऱ्याची आणि त्याच दिशेला धरलेली हवी.

मग गिम्पमध्ये फक्त त्या गोल वस्तू न्या ज्यांची गोलाई चपटी झालीय. पत्ते थेट रॉथेरपीतून बाहेर.

दिवसाच्या उजेडात काढत असाल तर दर दहा-बारा वस्तूंनंतर नवा रिकामा फोटो घ्या. ढग आला आणि एकूण उजेड कमी झाला तर फारसं बिघडत नाही, तो एका आकड्याने भरून निघतो. ऊन पडलं की उजेडाची दिशाच बदलते, तिथे जुना रिकामा फोटो चालत नाही.

करवंदी

लाइटरूमवाल्यांनी काय करायचं?

जांभा

लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररी मेनूत फ्लॅट-फील्ड करेक्शन आहे, वस्तूचे आणि रिकामे फोटो एकत्र निवडून चालवायचं, दुरुस्त डीएनजी (रॉचाच एक प्रकार) मिळतात. रिकामा फोटो नसेल तर लिनिअर ग्रेडियंट मास्क, त्यातून सब्जेक्ट वजा करून एक्स्पोजर वाढवा. फोटोशॉपमध्ये डिव्हाइड ब्लेंड मोड सीएस५ पासून आहे, गिम्पच्या पायऱ्या तशाच लागू. तिथे १६ बिटमध्ये काम करत असाल तर पांढरं कापलं जाऊ नये म्हणून भागाकाराआधी वस्तूचा फोटोच थोडा काळवंडून घ्या.

वल्हं

गंजिफाच्या पत्त्यांबद्दल कुणी बोललं नाही. रोगणावर दिव्याचा पांढरा डाग पडला तर तो भागाकाराने जात नाही. तिथे रंगाची माहितीच नाही. एकाऐवजी दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी, पत्त्याच्या पातळीशी साधारण ४५ अंशांत किंवा त्याहून खाली, म्हणजे परावर्तन लेन्सकडे न येता पलीकडे जातं. दोन दिव्यांचे उतार एकमेकांना भरून काढतात हा वरचा फायदा. तरीही चमकलं तर दिव्यांवर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर काटकोनात फिरवून. दशावतारी संचात १२० पत्ते असतात, पहिल्या पत्त्यावर मांडणी पक्की करा आणि मग हात लावू नका.

पडवी

रॉथेरपीतून ४३ फोटो काढले. नऊ जागी मोजले: २३३ ते २३६. जुन्या १४ पैकी ११ भोकाच्या पद्धतीने निघाले, तिघांत वस्तू कडेला टेकलेली होती, त्यांना ग्रेडियंट हाताने केला. आता एकच शंका. लॅपटॉपवर बघितलं की पार्श्वभूमी अजूनही वरून काळपट, खालून उजळ दिसते, आकडे मात्र सारखे.

सुरंगी

स्क्रीनचं झाकण मागेपुढे करून बघा. काळपटपणा सरकला तर तो स्क्रीनच्या कोनाचा दोष, फोटोचा नव्हे. फोटो तपासायला लेव्हल्समध्ये काळं टोक २२० आणि पांढरं २४५ वर आणा, प्रिव्ह्यूत बघा आणि कॅन्सल करा. उरलेला उतार असेल तर ढोबळ दिसेल. कलर पिकरला सॅम्पल ॲव्हरेज लावून रेडियस १० ठेवा, एका पिक्सेलवर मोजू नका. पायऱ्यापायऱ्यांसारखे पट्टे दिसले तर ८ बिटवर जाताना डिदरिंग राहिलंय, ती फाइल परत काढा.

पडवी

झाकण हलवलं, काळपटपणा सरकला. डिदरिंग दोन फाइलींत राहिलं होतं, परत काढतो.